लेंट पहिल्यांदाच पाळताय? आधी एक वही घ्या

दरवर्षी फेब्रुवारी लागला की कोणीतरी मला विचारतंच, ताई लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, नेमकं करायचं काय? विचारणारे बहुतेक नवीन असतात, कोणी लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेली, कोणी लहानपणी संडे स्कूलला जायचा आणि आता पंधरा वर्षांनी परत चर्चची पायरी चढलाय, कोणी नुकताच बाप्तिस्मा घेतलेला. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, काय काय सोडायचं? चहा सोडू का, मटण सोडू का, इन्स्टा सोडू का. मी म्हणते सोडा की, पण ते नंतर बघू, त्याआधी एक काम आहे, ते जास्त अवघड आहे आणि त्याला वीस रुपयांची वही सोडून काही लागत नाही.

मी कुठून बोलतेय ते सांगते. माहेर नाशिकच्या शरणपूरचं, प्रोटेस्टंट. सासर नाशिकरोडचं, कॅथलिक. त्यामुळे पाळकसाहेब आणि फादर दोघांचं ऐकून झालंय, आणि दोघांकडे शब्द वेगळे असले तरी या बाबतीत म्हणणं फार वेगळं नाहीये. नोकरी अकाउंट्सची. लेंट आणि मार्च एंड दरवर्षी एकमेकांच्या अंगावर येतात, २०२६ चं कॅलेंडर बघा, ३१ मार्च पवित्र आठवड्यातल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यातल्या, मंगळवारीच आहे. त्यामुळे माझ्या डोक्यात हे दोन्ही हिशोब मिसळलेत, आणि खाली सगळीकडे अकाउंट्सची भाषा येईल ती चालवून घ्या.

आधी दिवस मोजून घ्या

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत बोटं मोडली तर ४६ दिवस येतात, आणि सगळे म्हणतात ४०. नवीन माणूस इथेच अडकतो. मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत, रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, आनंदाचा, म्हणून ४६ वजा ६. आणि ४० कशासाठी तर येशू अरण्यात ४० दिवस उपाशी होता, बायबलमधल्या मत्तयच्या चौथ्या अध्यायात आहे. तारीख दरवर्षी सरकते कारण ईस्टर पौर्णिमेवर ठरतो, २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल तिच्यानंतरचा रविवार. २०२६ ला राखेचा बुधवार १८ फेब्रुवारी आणि ईस्टर ५ एप्रिल, २०२७ ला १० फेब्रुवारी आणि २८ मार्च. २०२६ ला तर महाशिवरात्र, राखेचा बुधवार आणि रमजानची सुरुवात पाच दिवसांच्या आत, म्हणजे नाशिकमध्ये त्या आठवड्यात डबा उघडायच्या आधी शेजारच्याला विचारलेलं बरं, तुमचं काही आहे का आज.

सगळ्या मंडळ्या लेंट पाळतात असं नाही हं. काही स्वतंत्र मंडळ्यांचं म्हणणं असतं की बायबलमध्ये असा हुकूमच नाही, आणि ते खरंय, नाहीये. चर्चने पुढच्या शतकांमध्ये बसवलेली शिस्त आहे ही. तुम्ही अशा मंडळीत असाल तरी वहीचं काम करायला कोणी अडवत नाही.

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावतात, ती गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, मिळालेल्या झावळ्या जाळून केलेली असते, आणि लावताना फादर म्हणतात की तू माती आहेस आणि मातीलाच परत मिळशील, किंवा पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा. मी एकदा सकाळच्या मिस्सावरून, म्हणजे कॅथलिक उपासनेवरून, तशीच ऑफिसला गेले तर एकीने विचारलं, अय्या, त्र्यंबकला जाऊन आलात का? मी हो नाही काहीच बोलले नाही, नुसती हसले. संध्याकाळी वाटलं दोन वाक्यात सांगता आलं असतं की. ती त्या वर्षीच्या वहीतली पहिली ओळ.

माझं एक्सेल शीट

आता माझी फजिती सांगते कारण नवीन माणूस हमखास हेच करतो. लग्नानंतर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी मी ठरवलं, लेंट एकदम व्यवस्थित करायचा. एक्सेल शीट बनवलं. उभ्या ओळीत ४० दिवस, आडव्या ओळीत प्रार्थना, बायबलचा अध्याय, नो चहा, नो सिरियल, दान. रोज रात्री टिक. टोटलला फॉर्म्युला पण लावलेला. शेवटी ४० पैकी ३८ दिवस पूर्ण आले आणि मला इतकं भारी वाटलं की विचारू नका. त्याच लेंटमध्ये मोठ्या जाऊबाईंनी एका शुक्रवारी विसरून चिकन आणलं होतं, तर मी रागावून काही बोलले नाही पण ताटावर बसताना जो काही चेहरा केला असेल तो केला, आणि वर हळूच म्हणाले, "राहू द्या वहिनी, मी लोणच्याशी खाईन." त्या बिचाऱ्या उठून माझ्यासाठी पिठलं टाकायला गेल्या. दिवसभर त्या सासूबाईंना घेऊन दवाखान्यात होत्या हे मला ठाऊक होतं.

त्याच सुमारास चर्चमध्ये वाचन होतं लूक १८, परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार. दोघं मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी म्हणतो मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या उत्पन्नाचा दशांश देतो, आणि मी त्या जकातदारासारखा नाही हे बरंय. जकातदार लांब उभा राहतो, वर बघत पण नाही, छाती बडवून एवढंच म्हणतो की देवा मज पाप्यावर दया कर. आणि येशू म्हणतो नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा. मी ही गोष्ट पन्नास वेळा ऐकलेली पण तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की परूशी खोटं बोलतच नव्हता! त्याचा हिशोब बरोबर होता. दोन उपास म्हणजे दोन, दशांश म्हणजे दशांश, ऑडिटला एक क्वेरी निघाली नसती. बिघडलं ते शेजारच्या माणसाचं खातं उघडून बसला तिथे. (नाशिकला शहरात शिरताना जकात नाके होते ते ज्यांना आठवतात त्यांना जकातदार लगेच कळेल, नाक्यावरच्या माणसाबद्दल कोणी चांगलं बोललेलं मी तरी ऐकलं नाही.)

शीट डिलीट केलं. तेव्हापासून वही. टिका नाहीत, टोटल नाही.

रोज रात्रीची दहा मिनिटं

पद्धत माझी नाही, संत इग्नेशियस लोयोलांची आहे. स्पेनचे शिपाईगडी, १५२१ ला लढाईत तोफगोळा पायावर बसला, महिनोन्महिने अंथरुणात पडून राहिले आणि पडल्या पडल्या स्वतःच्या मनाचं निरीक्षण करायला लागले, कुठल्या विचाराने नंतर शांत वाटतं आणि कुठल्याने कोरडं. पुढे त्यांनी येशूसंघ (जेझुइट) काढला. नाशिक धर्मप्रांत १९८७ ला झाला तेव्हाचे पहिले बिशप थॉमस भालेराव येशूसंघीयच, त्यामुळे आमच्या सासरच्या बाजूला हे नाव परकं नाही. प्रोटेस्टंट असाल तरी बिनधास्त वापरा, यात असं काही नाही ज्याला पाळकसाहेब हरकत घेतील.

जागा ठरवा आधी. माझी जागा म्हणजे ओटा पुसून झाला की किचनमधलंच स्टूल. बेडवर बसून करू नका, झोपाल. फोन दुसऱ्या खोलीत.

सुरुवात आभाराने करायची, पापाने नाही. नवीन लोक थेट पापावर उडी मारतात आणि तीन दिवसात कंटाळतात. आजच्या दिवसातली एक गोष्ट धरा आणि ती नेमकी असू द्या, "आरोग्याबद्दल धन्यवाद" असलं मोघम नको. परवा माझी होती, शेजारच्या काकूंनी मळ्यातली द्राक्षं पाठवली, अजून गार होती. बस, एवढं.

मग प्रकाश मागायचा. स्तोत्र १३९ च्या शेवटच्या दोन ओळी वाचा, देवाला म्हटलंय की माझी झडती घे, माझ्यात काही वाईट आहे का बघ. झडती त्याने घ्यायची, आपण नुसते कपाटाच्या किल्ल्या द्यायच्या. हा फरक फार मोठाय, कारण आपण आपलीच झडती घ्यायला गेलो तर नको तो कप्पा सोडून बाकी सगळं उचकतो.

मग दिवस उलगडायचा, सकाळपासून, घाई न करता. मुलाचा डबा, द्वारका सर्कलचं ट्रॅफिक, ऑफिस, जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा, परत येताना भाजी, स्वयंपाक. कुठे मन अडखळतं तिथे थांबायचं. अडखळणं म्हणजे काय ते कळेल तुम्हाला, एखादा प्रसंग आठवला की तुम्ही लगेच मनात वकिली सुरू करता, तोच.

आणि मग वहीत एक ओळ. एकच. इथे तीन नियम आहेत आणि हे माझे स्वतःचे, ठेचा खाऊन केलेले.

पहिला, विशेषण लिहायचं नाही. "मी रागीट आहे" असं नाही. "सकाळी साडेसातला लिफ्टपाशी सगळ्यांसमोर मुलाला मठ्ठ म्हणाले" असं. अकाउंट्समध्ये ट्रायल बॅलन्स जुळला नाही की नवखा माणूस फरकाची रक्कम उचलून सस्पेन्स खात्यात टाकतो आणि मोकळा होतो. "मी फार पापी आहे हो" हे वाक्य म्हणजे सस्पेन्स खातं. ऐकायला नम्र वाटतं, पण त्यात एकाही व्यवहाराची तारीख नसते. सस्पेन्समधलं एकेक काढून ज्या त्या नावावर टाकायचं, काम तेच आहे.

दुसरा, ओळीत "पण" आला की तिथून पुढचं खोडायचं. "मुलाला मठ्ठ म्हणाले पण तो तीन वेळा सांगून ऐकत नव्हता" यातलं पण पासून पुढे सगळं त्याचं खातं आहे, माझं नाही.

तिसरा, दुसऱ्याला कळणार नाही असं लिहा. मी एके वर्षी सविस्तर लिहिलं आणि मुलाच्या हाती वही लागली, तो दुसरीत होता, तो मोठ्याने वाचत हॉलमध्ये आला. पाहुणे होते. आता मी पूर्ण वाक्य मनात म्हणते आणि वहीत नुसते शब्द लिहिते, "लिफ्ट", "पिठलं", "व्हाऊचर". मला कळतं, पुरे.

शेवटी उद्याचं एक छोटं काम ठरवायचं आणि "आमच्या पित्या" ही प्रार्थना म्हणून उठायचं. एखादा दिवस राहिला तर राहिला, दुसऱ्या दिवशी दोन ओळी भरून काढत बसू नका, बॅकडेटेड एंट्री नको.

काय शोधायचं

पहिले चार-पाच दिवस काहीच सापडत नाही. खरंच. रागावलो, कंटाळा केला, प्रार्थना चुकली, हे तीन फिरून फिरून येतात. हरकत नाही, लिहीत राहा, आठवड्यानंतर खालचं वर यायला लागतं.

तरी काही दिशा सांगते. पैसा बघा, कामाला येणाऱ्या ताईंची सुट्टी झाली की पगार कापता आणि स्वतःची सीएल मात्र मोजून घेता का. जीभ बघा, चर्चमधून बाहेर पडल्यापासून गाडी सुरू होईपर्यंतच्या दहा मिनिटांत कोणाकोणाचं काढलं. मोबाइल बघा, खात्री न करता काय काय फॉरवर्ड केलं. चर्चची कमिटी, निवडणुका, जमिनीचे वाद, यात आपण कुठल्या गटात आहोत आणि उपासनेत दुसऱ्या गटातल्या माणसाला शांतीचा हात देताना नजर कुठे असते. आणि एक गोष्ट आपण मराठी ख्रिस्ती लोक फार सफाईने टाळतो, आपल्यात जात नाही असं बाहेर सांगतो आणि मुलीला स्थळ आलं की विचारतो, "मूळचे कुठले तुम्ही?" गाव कळायला नाही विचारत आपण ते. मी स्वतः माझ्या बहिणीच्या वेळी विचारलंय. ती ओळ वहीत यायला मला सहा लेंट लागले.

आपल्याकडे म्हणतात ना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, मराठी बायबलमध्ये मत्तय सातव्या अध्यायात हेच शब्द आहेत. मुसळ दिसत नसेल तर एक युक्ती सांगते, ती नाथान संदेष्ट्याची. दावीद राजाने बथशेबेसाठी तिच्या नवऱ्याला युद्धात मारवलं आणि निवांत राज्य करत होता. नाथान सरळ आरोप करत नाही, गोष्ट सांगतो, एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं होती तरी त्याने गरिबाची एकुलती एक कोकरी घेऊन पाहुण्यासाठी कापली. दावीद भडकतो, म्हणतो असा माणूस मेलाच पाहिजे. तेव्हा नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. स्तोत्र ५१ दावीदाने यानंतर म्हटलं असं त्या स्तोत्राच्या मथळ्यातच दिलंय आणि लेंटभर ते ऐकू येतं. तर युक्ती ही, आज दिवसभरात तुम्हाला दुसऱ्याच्या कुठल्या वागण्याचा सगळ्यात जास्त संताप आला ते आठवा आणि तेच स्वतःत शोधा. दर वेळी सापडत नाही. पण सापडलं की घाम फुटतो.

लिहिलं, आता जायचं

इथपर्यंत बरेच जण येतात. वही भरते, छान वाटतं, डोळ्यात पाणी बिणी पण येतं, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला काही पत्ताच नसतो. मत्तय ५ मध्ये सरळ सांगितलंय, वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये.

आमच्या ऑफिसला एक शिपाईकाका आहेत. एका मार्चला साडेअठराशेचं एक कॅश व्हाऊचर सापडेना. ते शेवटी काकांच्या हातात होतं एवढं मला पक्कं आठवत होतं, आणि मी सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "काका, नीट आठवा, कागदाला पाय फुटत नाहीत." ते म्हणाले, "मॅडम, मी तुमच्या टेबलावर ठेवलं होतं." मी म्हणाले, "हो का." नुसतं हो का. पण तो "हो का" कसा असतो तुम्हाला माहितीये. त्या दिवशी ते जेवायला आमच्यात बसले नाहीत. तीन दिवसांनी व्हाऊचर माझ्याच ड्रॉवरमध्ये, स्टेट बँकेच्या कॅलेंडरच्या मागे सापडलं. मी गुपचूप फाइलला लावलं. कोणाला सांगितलं नाही, काकांना तर नाहीच.

ती ओळ वहीत आली पुढच्या वर्षी. एक वर्षाने! आणि लिहिल्यावरही मी आठ दिवस काढले, आज ते घाईत आहेत, आज साहेब समोर आहेत, आता त्यांना आठवत पण नसेल, उगाच जुनं उकरायचं कशाला. शेवटी एका शुक्रवारी ते पाण्याचे जार लावत होते तिथे गेले आणि म्हणाले, "काका, मागच्या मार्चचं ते व्हाऊचर माझ्या ड्रॉवरमध्ये सापडलं होतं. मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले. चूक माझी होती." त्यांनी जार तसाच धरून ठेवला, म्हणाले, "मला माहितीये मॅडम. फाइलला लावलेलं बघितलं होतं मी." मग म्हणाले, "चहा टाकू का?" मला चहा लेंटमध्ये बंद होता. मी म्हणाले टाका.

दुसऱ्या दिवशी सगळा स्टाफ जेवायला बसला होता तेव्हा परत एकदा बोलले, कारण आरोप चारचौघात केला होता तर माफी जारपाशी कोपऱ्यात मागून कशी चालेल. हे दुसऱ्यांदा बोलणं पहिल्यापेक्षा दहापट जड गेलं.

तर नवीन माणसाला यातून करायचं ते एवढं, काय चुकलं ते नाव घेऊन बोला, "काही चुकलं असेल तर माफ करा" असलं गोल बोलू नका, त्याला कोणी माफी म्हणत नाही. समोरच्याने लगेच माफ केलंच पाहिजे अशी अपेक्षा नको. पैशाचा मामला असेल तर पैसे परत करा, बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देईन म्हटलं होतं, आपण निदान मुद्दल तरी. आणि जिथे जाऊन बोलल्याने समोरच्याच्या संसारात आग लागेल किंवा त्याला पुन्हा त्रास होईल तिथे स्वतःच्या मनाच्या हलकेपणासाठी जाऊ नका, आधी फादर किंवा पाळकसाहेबांना विचारा.

पापनिवेदन

कॅथलिक असाल तर गंभीर पापांचं पापनिवेदन वर्षातून एकदा तरी करायचंच असा नियम आहे, आणि बहुतेक जण ते लेंटमध्ये करतात. खूप वर्षांनी जात असाल तर घाबरू नका, आत गेल्या गेल्या सांगा की फादर, मी दहा वर्षांनी येतेय, मला पद्धत आठवत नाही. ते सांगतात सगळं. शेवटचं कधी केलं ते सांगायचं, पापं सांगायची (वहीतले शब्द इथे कामाला येतात), ते प्रायश्चित्त देतात, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणता, ते पापमुक्ती देतात. ऐकलेलं फादर बाहेर कोणालाच, अगदी कोणालाच सांगू शकत नाहीत. झावळ्यांच्या रविवारच्या आसपास लाइन लागते, तेव्हा आधीच्या आठवड्यांत उरकलेलं बरं, फादरही दमलेले नसतात.

आमच्या माहेरी असं नाही, तिथे उपासनेत सगळी मंडळी मिळून पापकबुली म्हणते. पण पाठ झालेली प्रार्थना आहे, तोंड आपोआप चालतं. माझी आई त्या वेळी एक करायची, सगळे म्हणत असताना एका जागी थांबायची आणि मनात तिचं जे काही असेल ते घालायची, मग पुढच्या ओळीला परत सगळ्यांना गाठायची. मला लहानपणी वाटायचं आई प्रार्थना विसरली.

उपास, थोडक्यात

आता तुमचा पहिला प्रश्न. कॅथलिक नियम अगदी कमी आहेत, १८ ते ५९ वयाच्या माणसांनी राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपास, म्हणजे एक वेळ पोटभर आणि दोन वेळा अगदी थोडं. लेंटच्या शुक्रवारी मांस नाही, हे १४ वर्षांपासून पुढे. मासे चालतात, म्हणून शुक्रवारी चिकन टाळून पापलेट आणणारे महाभाग आमच्याच घरात आहेत, नाव नाही घेत, शेजारीच बसलेत. प्रोटेस्टंटांकडे नियम नाही, ज्याने त्याने ठरवायचं. शुगर आहे, बीपीच्या गोळ्या आहेत, बाळ अंगावर पितंय, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नका, काहीतरी दुसरं सोडा.

शेजारणी विचारतात तुमच्या उपासाला मीठ चालतं का, साबुदाणा चालतो का. सगळं चालतं, उपासाचं वेगळं धान्य असं आपल्यात नाही, तेव्हा खिचडी, वडे, बटाट्याचा कीस करून एकादशी अन् दुप्पट खाशी करू नका. जे वाचतं ते द्यायचं असतं, यशया ५८ वाचा, देव म्हणतो मला पसंत असलेला उपास म्हणजे भुकेल्याला आपल्यातली भाकर वाटणं. मी मिसळीचे पैसे एका डब्यात टाकते, लेंट संपेस्तोवर बऱ्यापैकी रक्कम होते, आणि कोणाला दिली ते सांगत नाही (आत्ता डब्याचं सांगितलं तेही खरं तर नको होतं). मत्तय ६ मध्ये येशू म्हणतो उपास कराल तेव्हा डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका.

मुलं विचारतात रंगपंचमी खेळायची का. जुन्या नाशकात त्या दिवशी रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडतात आणि रंगपंचमी बहुतेक लेंटमध्येच येते. आमच्या सासूबाई म्हणतात नको, मी म्हणते खेळा. लेंट म्हणजे सुतक नाही. लग्नं मात्र आपल्याकडे या दिवसांत शक्यतो धरत नाहीत.

जास्त झालं तर

एक सांगायचं राहिलं. काही लोकांना स्वतःला झोडपायची सवय असते, वही मिळाली की एका ओळीची चार पानं होतात, माफी मिळालेली गोष्ट परत परत लिहिली जाते, झोप जाते. तुमचं असं होत असेल तर वही बंद करा, गंभीरपणे सांगतेय, आणि फादर, पाळक किंवा डॉक्टर यांच्याशी बोला. जुनी बंद झालेली वर्षं परत उघडायची नसतात. माझ्या माहेरच्या गावाचं नावच बघा, शरणपूर, मिशनने १८५० च्या दशकात वसवलं, गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकन मुलं इथे वाढली, शिकली, त्यातला जेकब वेनराइट पुढे मिशनरी आणि शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता. लहानपणी आजी म्हणायची, शरण आलेल्याला कोणी मागचं विचारत नाही, आधी पाणी देतात.

शेवटचा आठवडा

झावळ्यांचा रविवार, मग पवित्र गुरुवार, त्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात, मग गुड फ्रायडे. कॅथलिकांकडे क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीचं १४ स्थानांवर थांबत केलेलं ध्यान, लेंटच्या दर शुक्रवारी असते पण या दिवशी गर्दी फार. माहेरी दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं, एप्रिलचं ऊन, पंखे कमी, पाण्याची बाटली न्या. या आठवड्यात वहीत नवीन काही लिहू नका, आधीची पानं एकदा चाळा, ज्यांच्याकडे जायचं राहिलंय ती एक-दोन नावं बघा, आणि शनिवारच्या आत जमतंय का बघा. नाही जमलं तर ईस्टरनंतरही माणसं तिथेच राहतात, फोन लागतो.

आणि रविवारी मिळालेली झावळी नीट ठेवा. आमच्याकडे ती क्रुसामागे खोचलेली असते, पावसाळ्यात बुरशी येते म्हणून अधूनमधून ऊन दाखवावं लागतं. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारच्या आधी चर्चमध्ये जुन्या झावळ्या गोळा करतात, तेव्हा आणून द्या. घंटागाडीत टाकू नका.